पेपर दोन : उष्मागतिकी

मे महिना. दुपारचे तीन.
स्टाफरूमच्या कूलरमधलं पाणी संपलंय.
नुसतीच गरम हवा फेकतोय तो,
सवयीने तास घेणाऱ्या माणसासारखी.
हे वाक्य काल लिहिलं वहीत, आणि खोडलं नाही.

खोडायचं नाही, हा नियम माझाच.
जुलैत मुलांना सांगायचा आहे,
म्हणून आधी स्वतः पाळून बघतेय
बर्डीवरून आणलेल्या दोनशे पानी वहीत.

बाजूला सतरा वर्षांच्या नोट्स.
पिन गंजलेली, तिसऱ्या पानावर चहाचा गोल,
कुठल्या बॅचच्या वेळचा, आठवत नाही.
"लिहा," म्हणायचे मी
आणि साठ माना खाली जायच्या.
पूर्णविरामसुद्धा मीच सांगायचे.

आता पंधरा आठवड्यांचा तक्ता आखतेय.
पहिल्या आठवड्यात व्याख्या नाही.
घरचा कूलर उघडा,
वाळ्याच्या ताटीवर हाताने पाणी मारा,
मागे उभे राहा, मग पुढे.
कळलं ते लिहा.
नाही कळलं ते त्याच्या आधी लिहा.

बोकारे सर चष्म्यावरून बघतात.
"मॅडम, सिलॅबस कवा पुरा होईन असानं?
आणि डायरीले मार्क कसे देसान?"
उत्तर नव्हतं.
प्रश्न मात्र तारीख घालून उतरवून घेतला.

सर विभागप्रमुख आहेत, वाईट नाहीत.
त्यांनाच न विचारता मागच्या वर्षी
शेवटचे सहा तास मी असेच घेतले होते.

सदफच्या अब्बांचं मोमिनपुऱ्यात कूलर दुरुस्तीचं दुकान.
तिने लिहिलं : आभाळ आलं का गिऱ्हाइक भांडायला येतं.
पंप नवा, ताटी नवी, टाकी भरलेली,
मग थंडावा जातो कुठे?
अब्बा म्हणतात, मौसम.
मॅडम, मौसम म्हणजे किती?

त्या दिवशी मी चाळीस मिनिटं काही शिकवलं नाही.
थर्मामीटरला ओले रुमाल गुंडाळून
पोरं व्हरांड्यात पळाली,
एक गच्चीवर, दोघी नळापाशी.
आकडे ओरडत परत आली
आणि फळा भरला, माझ्या अक्षराविना.
माझ्या हातांना काय करावं ते सुचेना.
खडू होता नुसता, तो घामाने ओला.

तन्मय उईकेची वही तीन आठवडे कोरी.
चौथ्यात एक ओळ, पेन्सिलने :
"मले वाटते का बाकी सगळ्यायले समजते."

ती वाचून रात्री बराच वेळ
पंख्याखाली बसले होते.
मग माझ्या वहीत लिहिलं :
एन्ट्रॉपी मला अजून नीट कळलेली नाही.
मी ती सतरा वर्षं सांगतेय.

दुसऱ्या दिवशी ते वर्गात वाचून दाखवलं.
कुणी हसलं नाही. बाहेर सक्करदऱ्याच्या रस्त्यावर
एक गाडी चालू होत नव्हती, किक, पुन्हा किक.
मग मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच,
"हव ना मॅडम, तेच तं."

तक्त्यातल्या अकराव्या आठवड्यात
म्हणूनच फक्त तेवढं एक वाक्य टाकलंय.
ते समितीपुढे टिकेल असं वाटत नाही.

बोकारे सर जाता जाता व्हरांड्यात कुणाला तरी ओरडले.
बादली आली. पाणी पडलं.
कूलर आधी खोकला, मग वाळ्याचा वास,
आणि जाळीतून उडालेले चार-पाच थेंब
नेमके अकराव्या आठवड्यावर.
शाई पसरतेय.

खोडायचं नाही, एवढंच ठरलं होतं.
आपोआप पुसलं जाईल त्याचं काय,
ते अजून लिहायचं आहे.