निव्वळ

सावद्याच्या बाहेर, रावेर रस्त्याला,
साठ टनी काटा. मालक जळगावला, मी इथं.
भरलेली गाडी वजा रिकामी गाडी,
उरतं ते निव्वळ.
अकरा वर्षं मी हीच वजाबाकी छापतो
तीन प्रतींत. पिवळी प्रत बागवाल्याला.

लहानपणी भालोदला वासुदेवबुवांनी
दिवेलागणीला ओट्यावर बसवून शिकवलेलं:
देह म्हणजे रथ, आत बसलेला वेगळा.
हे तू नाहीस, तेही नाहीस,
वजा करत जा.
पाठ म्हटलं की मूठभर फुटाणे.
मी फुटाण्यांसाठी म्हणायचो.
अर्थ कळला तो इथं, काट्यावर,
आणि तोही उलट्या बाजूनं.

त्याचं असं, की सकाळी रिकामी गाडी येते
तेव्हा सुपडू तडवी स्टिअरिंगवर बसून असतो,
शेजारी क्लीनर, मागं चार कापणारे, पाण्याचा जार.
दुपारी केळी भरून येते
तेव्हा सगळे चहाला गेलेले.
रथ तोच. बसणारे वजा.
पावणेचारशे किलो केळी
बागवाल्याच्या पावतीतून उतरतात,
कुणाच्या खांद्याला चीक लागत नाही.

फिरकेशेठचा माणूस खिडकीतून
शेवेचं पुडकं सरकवतो, कधी नोट.
मी काच ओढून घेतो.
बुवा म्हणायचे, आतल्याला वजन नसतं.
अकरा वर्षं मी तेवढंच धरून चाललो.

परवा सेहेचाळीस डिग्री होतं.
रिकामी गाडी चढली, आकडा थरथरून थांबला.
बटणावर बोट ठेवलं होतं,
मग काय झालं सांगता येत नाही,
बाहेर आलो. डांबर चपलेला चिकटत होतं.
म्हटलं, सुपडू, उतर. सगळे उतरा भो.
तो हसला. "आज काय नवीन काढलं भाऊ?"
"काही नाही. जुनंच आहे."

एकेक जण उतरला.
आकडा त्यांच्यामागून पायरी पायरीनं खाली आला.
जार उतरवायचा राहिला होता,
तो क्लीनर पुन्हा चढून घेऊन आला,
कुणी सांगितलं नव्हतं.
शेठचा माणूस फोन कानाला लावून
माझ्याकडेच बघत होता.

रात्री केबिनला कुलूप घालायच्या आधी
मीच काट्यावर उभा राहिलो.
सत्तर.
दहा-दहानं मोजतो तो,
माणसासाठी बनवलेलाच नाही.
उतरलो. शून्य यायला हवं होतं.
दहा आले.

टॉर्च मारून बघितलं:
वाळकी पानं, माती, खडी,
चाकाखाली लावायची एक फुटकी वीट,
कोण जाणे किती दिवसांची,
किती गाड्यांच्या हिशेबात बसलेली.
खराटा आणला.
उद्या मालकाचा फोन येईल, येईलच.
झाडत राहिलो,
मधूनमधून मान वळवून
लाल आकड्याकडे बघत.