बदल शिल्लक: एक

राइलीबाईंचा संगणक स्वयंपाकघरात,
कॉफीच्या किटलीला चिकटून.
बाहेर ओउलूचा जानेवारी, तीनलाच मिटलेला.
डीव्हीडी आत ढकलली की तो घुरघुरतो,
मग अडवतो:
ही चौथ्या प्रदेशाची. मी दुसऱ्याचा.
बदलायचं? शिल्लक: एक.

चारदा बदलून झालंय, आन्सेल्मो होता तेव्हा.
दोन नंबर यांचा, चार नंबर त्याचा.
भांडायचे ते यावरून, नाहीतर खिडकी उघडण्यावरून.
त्याच्या डीव्हीड्या मोंतेविदेओहून यायच्या,
भाऊ टॉवेलात गुंडाळून पाठवायचा.
ते टॉवेल अजून सौनात लटकलेत.

मी म्हणालो, दुसरा प्लेअर टाकून देतो, फुकट असतो,
सरहद्दी फारशा मानत नाही.
"चित्र फाटतं?"
कधीकधी.
"आणि आवाज?"
ओठांच्या जरा मागून येतो.
बाई हसल्या, बशी खाली ठेवत:
"त्याचं फिनिश तसंच होतं."

टाकला. वीस मिनिटं गेली, त्यातली दहा पासवर्ड आठवण्यात.
जुना काढून टाकू का, विचारलं.
नको.
तो उरलेला एक बदल आता कशाला लागणार?
"लागणार नाही. असू दे."

सिनेमा सुरू झाला. स्पॅनिश त्यांना येत नाही,
खालच्या अक्षरांकडे मात्र बघतही नव्हत्या.
बेचाळिसाव्या मिनिटाला ही अडकते, म्हणाल्या,
आणि अडकायच्या थोडं आधीच
माझ्यासाठी कॉफी ओतायला उठल्या.