कोरी नळी

प्रत्येक खेपेत एक नळी नुसत्या पाण्याची.
तिनं काही बोलायचं नसतं.
तिचं गप्प राहणं, हीच बाकीच्या तेवीस नळ्यांची जामीनकी.

मंगळवारी ती बोलली.
आलेखाच्या सपाट रेषेवर
नखाएवढा एक उंचवटा.
सिविवे कागद घेऊन दारात उभा :
"मॅडम, हा मीच आहे."
मास्क बदलायचा राहिला, एवढंच म्हणाला.
सलग तिसरी रात्रपाळी, हे त्यानं काढलं नाही.
पाळ्यांचा तक्ता मी लावते.

बाहेर आल्गोआच्या खाडीवरून वारा सुटलेला,
दोन ते साडेचार वीज जाणार
म्हणून डिझेलच्या कागदावर माझी सही हवी.
फ्रीझरात चौदाशे बारा डबे वाट बघतायत,
प्रिटोरियाला दर महिन्याला उतरता आकडा लागतो,
आणि त्या एका खेपेतून गेलेले अकरा निकाल,
त्यातले तीन कोर्टात पोचलेसुद्धा.

फेरेरा वकील फोनवर हसले :
"एवढासा उंचवटा! आरोपीशी त्याचा काय संबंध?"
काही नाही. मलाही कळतं.
पाणी खोटं बोललं असतं तर सोपं होतं.

मदरवेलहून न्कोटा बाई दर गुरुवारी फोन करतात,
आवाज कधी चढवत नाहीत.
"माझ्या मुलीच्या डब्याचा नंबर लागला का?"
लागला होता. याच खेपेत.

पत्र लिहिलं : अकराही निकाल मागे घेत आहोत.
कारणाच्या रकान्यात सिविवेचं नाव टाकलं, खोडलं.
माझं टाकलं, तेही खोडलं;
ते नुसतं मोठेपण मिरवणं झालं असतं.
मग जे घडलं ते, घडलं त्या क्रमानं :
तीन रात्री, एक मास्क, तक्त्याखालची सही.

पण त्या डब्यातला कापूस आता निम्माच आहे.
पुन्हा तपासला तर संपेल,
बचाव पक्षाच्या हाती उरतील फक्त आमचे शब्द,
आणि आमच्या शब्दांची किंमत आजच कळली सगळ्यांना.
नाही तपासला, तर बाईंना मी काय सांगू?
नियमावलीत यावर दीड पान आहे.
दोनदा वाचलं.

आज बुधवार.
वीज गेली. जनरेटर दोनदा खाकरला,
मग त्यानं सूर धरला.
काचेपलीकडे सिविवे नवा मास्क लावून
नळ्या मांडतोय.
पहिली, पाण्याची.