क्रिसफिल्डमध्ये, होडी घेताना

दुकानातल्या गालिच्यावर
अर्धा तास बसून राहिलो कयाकमध्ये.
वेंडेल म्हणाला, डोळ्यांना विचारू नकोस,
कंबरेला विचार.

कंबर म्हणाली, ही.

मग अंगणात, ड्रिल घेऊन,
नव्याकोऱ्या होडीला भोक पाडायला
हात धजेना.
चार गळांच्या चार काठ्या, चार खोबणी,
म्हणजे सोळा भोकं.
खिडकीतून शैला:
"पोहता येतं ना अजून?"

मागच्या दोन तिरक्या बसवल्या,
वल्हं अडू नये म्हणून.
पुढच्या गुडघ्यांपाशी.
डब्याला जागा उरलीच नाही,
तो मांडीवर.

आज चेसापीकच्या ओहोटीत
तीन काठ्यांवर नजर ठेवून बसलोय.
पाठीमागे कुठेतरी
चौथीची घंटी किणकिणली,
आणि मी वळण्याआधी
होडीच वळली.