दुख्न

बरक्यात बाजरीला दुख्न म्हणतात.
पहिल्या दिवशी मुबारकने कणीस हातात देऊन सांगितलं,
मला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी दुखतंय.

पहाटे पाच. समुद्र दोन किलोमीटरवर,
आणि विहिरीत त्याहून जवळ.
ठिबकच्या तोंडाशी पांढरा थर, बोटाने चाखला
तर आमटीत दोनदा पडलेलं मीठ.
बटर पेपरच्या पाचशे पिशव्या, खिशात स्टेपलर,
कानावर पेन्सिल, कारण शाई घामात उतरते.

बाजरीचं कणीस आधी बाई असतं.
मऊ पांढरे केसर बाहेर येतात, दोन-तीन दिवस वाट पाहतात,
मग त्याच कणसातून पराग.
त्या मधल्या फटीत आमचा सगळा धंदा.

डावीकडची ओळ आई. तिचे परागकोष रिकामे,
काडेपेटी हलवावी आणि आवाज येऊ नये तसे.
हे तिला तिच्या आईकडून आलं, तिला तिच्या आईकडून,
पेशीतल्या बारीक भट्ट्यांतून,
जिथे बापाचं नाव कधीच लागत नाही.
उजवीकडे बाप. कणीस करंगळीएवढं,
पण मुलांची कुलपं उघडणारी किल्ली त्याच्याकडे.
दोघंही खुरटे.
सात पिढ्या स्वतःशीच लग्न लावून
मी त्यांना इतकं शुद्ध केलंय
की वारा सुटला तरी त्यांची दया येते.

पिशवीवर नंबर टाकता टाकता झुवैना म्हणाली,
काकाच्या मुलाचं स्थळ आलंय. गुरुवारी रक्त तपासायचं.
मी म्हटलं, आमच्यात मामाची मुलगी चालते,
माझ्या आईचे आजोबा तेच बाबांचे आजोबा.
"म्हणून तू बुटकी?"
हसण्यात अर्ध्या पिशवीतले पराग सांडले.

चाळीस दिवसांत मुलं आईबापांच्या डोक्यावर.
दांडा अंगठ्याहून जाड, त्याच खाऱ्या पाण्यावर.
हे येतं कुठून, तिने विचारलं.
मी वाळूत दोन शिड्या काढल्या,
हिची तिसरी पायरी मोडकी, त्याची पाचवी,
शेजारी उभ्या केल्या की चढता येतं.
मग सगळ्या पायऱ्या शाबूत अशी एकच शिडी
इतक्या वर्षांत का नाही सापडली तुला?
काही म्हणतात, मी म्हटलं, हे जोडाक्षरासारखं आहे,
क आणि ष शेजारी आले की क्ष,
जो दोघांपैकी कुणाच्याच घरी नव्हता.
खरं कोणतं?
शंभर वर्षं भांडण चालू आहे.

मुबारकला बजावलं होतं, हे बी ठेवू नका,
हा जोम एका पिढीचा, पुढच्या पेरणीत फुटतो.
त्याने मान डोलावली
आणि दूध पावडरच्या डब्यात पसाभर ठेवलं.

पुढल्या हंगामात पंपाच्या खोलीमागे
एक ताट खांद्याला, एक गुडघ्याला,
एक नुसतं पानांचं. चारांत एक रिकाम्या परागाचं,
आजीचं जुनं मौन वर आलेलं.
लाजिरवाणं शेत.
मुबारक त्यात उभा, नातवंडं मोजावीत तसा,
कुणालाच नावं न ठेवता.

आणि पाइप गळतो त्या कोपऱ्यात,
जिथे जमिनीवर मिठाची साय धरते,
तिथे एकटंच एक,
पानाचं एकही टोक न करपलेलं.

मी गुडघ्यावर बसले. पिशवी चढवली, स्टेपल केली.
पुन्हा स्वतःशीच लग्न, पुन्हा पहिली पिढी.
वर्षाला दोन काढल्या तरी सातांना साडेतीन वर्षं.
माझा व्हिसा दोनचा उरलाय.

"मी इथेच आहे," झुवैना म्हणाली.
तिच्या बोटात अंगठी नव्हती, मी विचारलं नाही.
पेन्सिल तिच्याकडे दिली.
तिने पिशवीवर उजवीकडून डावीकडे काहीतरी लिहिलं,
मला त्यातलं फक्त दुख्न वाचता आलं.