एकशे त्रेचाळीस किलोमीटर

आमच्या पक्षात माणसं नऊ.
त्यांतला ओइवा गेला दोन वर्षांपूर्वी,
पण त्याची बायको त्याच्या नावाची वर्गणी भरते अजून,
म्हणून यादीत नऊच.
मी खजिनदार. तिजोरी म्हणजे बिस्किटांचा डबा.
काल मोजले, एकशे बारा युरो.
मागच्या निवडणुकीत आम्हाला मतं पडली एकसष्ट.
सालोवाराला अकरा हजार.

ग्रंथालयाच्या पायरीवर उभं राहून तो तेव्हा म्हणाला होता,
मी आहे तोवर हाउकिवाराचा प्रसूतिकक्ष बंद होणार नाही.
ताइमीनं वर्तमानपत्रातलं ते कात्रण
मासे गोठवायच्या पिशवीत घातलं
आणि फ्रीझरमध्ये ठेवलं, ब्लूबेरीच्या डब्याखाली.
कशाला, विचारलं तर म्हणाली,
शब्द लवकर नासतात.

तो आहे.
प्रसूतिकक्ष नाही.
तिथं आता नगरपालिकेच्या जुन्या फायली,
आणि खिडकीत कुणी काढायचा विसरलेला
पाळण्यावरचा लाकडी पक्षी.

आम्ही पत्रं लिहिली अकरा.
उत्तरं तीन. तिन्हींत तोच मजकूर,
तिसऱ्यात वाइनोच्या जागी वाल्तो.
मी वाइनो.

मग जानेवारीत आला तो, शाळेच्या हॉलमध्ये.
हस्तांदोलनं, आकडे, मंत्रालयाची अडचण.
बोलतो गोड, खोटं कशाला सांगू,
मला तर तो आवडतोही.
मी शाळेची बस चालवायचो तेव्हा
त्याच्या बापानं दोनदा इंजिन उघडून दिलं होतं,
एक पैसा न घेता.

ताइमी उठली, गुडघ्यावर हात टेकून.
कात्रण टेबलावर ठेवलं. अजून गार होतं.
"बाळंतपणाला आता किती लांब जायचं?"
"असेल शंभरेक."
"एकशे त्रेचाळीस.
वाइनोची गाडी बाहेर उभी आहे.
टाकी पक्षाच्या पैशानं भरली आहे. चला."

कोपऱ्यात वार्ताहर पोरगी होती, कॅमेरा घेऊन.
नाही कसं म्हणणार?

उणे एकवीस.
कुणी बोललं नाही.
आमच्याकडे त्याचं कुणाला वावडं नसतं,
पण ही गप्प वेगळी होती, तिला वजन होतं,
गाडी मागून दबल्यासारखी वाटत होती.
चौसष्टाव्या किलोमीटरला रेनडिअर, रस्ताभर.
अकरा मिनिटं. त्यांना कुठं घाई होती?
मागच्या सीटवर ताइमी वहीत मिनिटं मांडत राहिली.

एक्क्याण्णवाला तो म्हणाला, जरा थांबू या का,
पाठ अवघडली.
थांबलो.
लाकडाचे ट्रक वळवायची जागा,
बर्फाचे ढीग, एक दिवा, तोही फुटका.

इथंच, मी म्हटलं. हिल्माचा नातू.

तो उतरला. टोपी सीटवरच राहिली.
बराच वेळ उभा होता कान उघडे टाकून.
काय पाहत होता कोण जाणे,
तिथं पाहण्यासारखं काहीही नव्हतं.
परत बसल्यावर त्यानं
हीटर वाढवायला सांगितलं नाही, एवढं मी पाहिलं.

वसंतात मतदान झालं.
उरलेले छोटे दवाखाने ठेवायचे की मोडायचे.
ताइमीच्या स्वयंपाकघरात आम्ही आठ जण
एका रेडिओभोवती.
त्याचं मत: तटस्थ.

ताइमीनं वहीत लिहिलं. खाली रेघ ओढली,
खोडली, पुन्हा ओढली.
ओइवाच्या बायकोनं विचारलं,
म्हणजे आपण जिंकलो का हरलो?
मी कॉफी ओतली.

या खेपेला आम्हाला मतं पडली चौसष्ट.
ती तीन कुणाची, यावर अजून वाद चालू आहे.
हिल्मा काही सांगत नाही, नुसती हसते.

कात्रण परत फ्रीझरमध्ये गेलं.
शेजारच्या पिशवीत नवं वाक्य आहे,
उन्हाळ्यात पुन्हा येतो, असं.
मी टाकी भरून ठेवली आहे.
पावती डब्यात.