निळी पट्टी

सोहारच्या मटण प्लँटमध्ये स्टोअर माझ्याकडे.
पोलादी जाळीचे मोजे: निळी पट्टी मोठ्या हाताला,
लाल मधल्या, पांढरी लहान.
पांढरे शाबानपासून संपलेले.

दाभोळचा मकबूल हमदुले. हात एवढासा,
कासारानं साबणाशिवाय बांगडी चढवावी असा.
तीनदा आला खिडकीशी.
"भाऊ, निळा ढिला होतो, बोटांपुढं लोंबतो."
म्हटलं, ऑर्डर गेलीय.
गेली होतीच,
माझ्या टेबलावरून पुढच्या टेबलावर.

बकरी ईदच्या तोंडावर ट्रक रात्रंदिवस.
पापुद्रा सोलणाऱ्या मशीनचा दातेरी रूळ
आधी मोजा ओढतो,
मोज्यात कोण आहे ते नंतर.
बंद करायचं लाल बटण उजवीकडं होतं.
उजवा हात आत होता.

आज तो परतीच्या कागदासाठी आला.
गमबूट, एक जोड. एप्रन. टोपी.
मोजा मीच धुऊन ठेवलेला,
एकही कडी तुटलेली नाही.

रकाना विचारतो: वस्तूची स्थिती.

लिहिलं, चांगली.

त्यानं डाव्या हातानं सही केली,
आडनावातला शेवटचा ले कागदाबाहेर गेला, टेबलावर.
पेन चुकून खिशात घातलं त्यानं.
माझं होतं.
मागितलं नाही.